विंडोजमध्ये जाऊन आलं की रेड अ‍ॅरे गायब होतो? आधी डिस्कचं शेपूट तपासा

लक्षण आधी सांगतो, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते लगेच कळेल. मशीनमध्ये विंडोज एका ड्राइव्हवर, लिनक्स दुसऱ्या ड्राइव्हवर, आणि दोन मोठ्या हार्ड डिस्क लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेड-१ मध्ये, म्हणजे एकीवर लिहिलेलं जसंच्या तसं दुसरीवर. अ‍ॅरे (या दोन डिस्कची जोडणी) बनवला, सिंक (दोन्ही सारख्या करणं) पूर्ण झालं, चार-आठ दिवस सगळं सुरळीत. मग काही कामासाठी विंडोजमध्ये गेलात, परत लिनक्समध्ये आलात, तर अ‍ॅरे नाही. डिग्रेडेड (एकाच डिस्कवर चालणारा) नाही, एखादी डिस्क पडलेली नाही. अ‍ॅरे नावाची वस्तूच नाही. एमडीस्टॅट (अ‍ॅरेंची स्थिती दाखवणारी फाइल) रिकामं. एमडीएडीएमला (अ‍ॅरे सांभाळणाऱ्या कमांडला) 'एक्झामिन' सांगितलं की रेडच्या माहितीऐवजी अशी ओळ येते: पार्टिशन शून्य, १ पासून ४२९४९६७२९५ सेक्टर, प्रकार 'ईई'.

ही 'ईई'वाली ओळ दिसत असेल तर पुढचं वाचा. दिसत नसेल तर तुमचा रोग वेगळा आहे, आणि खालची औषधं घेऊ नका.

(कमांडची नावं इथे देवनागरीत लिहितोय. टर्मिनलवर अर्थातच रोमन अक्षरांत, आणि स्वतःच्या ड्राइव्हची नावं तपासूनच.)

माझं मशीन फोटो आणि डीटीपीच्या कामाचं आहे. कोरलड्रॉ आणि डोंगल लावून चालणारे मराठी फॉन्ट यांच्यासाठी विंडोज ठेवावं लागतं. बाकी सगळं लिनक्सवर. विंडोज एनव्हीएमईवर (मदरबोर्डवर स्क्रूने बसणारी एसएसडी), लिनक्स साटा एसएसडीवर, आणि लग्नांच्या फोटोंचा साठा ४ टीबीच्या दोन डिस्कवर. या दोन डिस्क नव्या नव्हत्या. आधीच्या विंडोज मशीनमध्ये डेटा ड्राइव्ह म्हणून दोन-तीन वर्षं चाललेल्या. ही गोष्ट लक्षात ठेवा, सगळी गोम इथेच आहे.

अ‍ॅरे पहिल्यांदा गेला तेव्हा संशय अर्थातच विंडोजवर. आणि विंडोजवर संशय घ्यायला कारणं कमी नसतात. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, त्यात 'फास्ट स्टार्टअप' आहे. तुम्ही शटडाउन म्हणता, पण विंडोज स्वतःचा गाभा डिस्कवर गोठवून झोपी जातं, आणि त्याने उघडलेले एनटीएफएस विभाग अर्धवट अवस्थेत राहतात. ड्युअल बूटमध्ये ते बंदच हवं, म्हणून ते बंद केलं. अ‍ॅडमिनच्या कमांड प्रॉम्प्टवर 'पॉवरसीएफजी' देऊन हायबरनेट बंद केलं की फास्ट स्टार्टअपही आपोआप जातं. अ‍ॅरे पुन्हा बांधला. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेला.

त्यात लॉग बघायला गेलो तर वेळा वेड्यावाकड्या. बूटच्या सुरुवातीच्या नोंदी साडेपाच तास पुढच्या! मदरबोर्डच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ लिहितं आणि लिनक्स तीच वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) समजून वाचतं. नेटवरून वेळ मिळेपर्यंत आपल्याकडे बरोबर साडेपाच तासांचा घोळ राहतो. याचा रेडशी काडीचा संबंध नव्हता, पण 'विंडोजनेच काहीतरी केलंय' हा समज मात्र पक्का झाला. (उपाय: विंडोजच्या रजिस्ट्रीत 'रिअलटाइमइजयुनिव्हर्सल' नावाची नोंद करून तिची किंमत १ ठेवा. लिनक्सला स्थानिक वेळ पाळायला लावू नका.)

मग भाच्याने फोनवर सल्ला दिला, "मामा, बायोसमध्ये साटा मोड रेडवर कर ना, तिथेच ऑप्शन आहे." केला. विंडोज निळ्या स्क्रीनवर आपटलं, बूट डिव्हाइस सापडत नाही म्हणे. साहजिकच, ते एएचसीआय या नेहमीच्या साटा मोडमध्ये इन्स्टॉल झालेलं, आणि मोड असा अचानक बदलला की लागणारा ड्रायव्हर त्या क्षणी हजर नसतो. मोड परत एएचसीआयवर नेला आणि विंडोज मुकाट उठलं. बायोसमधला तो 'रेड' आणि लिनक्सचा एमडी रेड ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. तुम्ही लिनक्सचा वापरत असाल तर बायोसला एएचसीआयवरच राहू द्या.

आता खरा धागा. तिसऱ्या वेळी अ‍ॅरे गेला तेव्हा मी विंडोजमध्ये थोडा वेळ थांबून नीट पाहिलं. पार्टिशन टेबल (डिस्कचे विभाग कुठे आहेत याची यादी) नसलेली डिस्क दिसली की विंडोजचं डिस्क मॅनेजमेंट 'इनिशियलाइझ करू का' असं विचारतं. मला ते कधी विचारलंच नव्हतं. उलट 'ई' अक्षराची एक ड्राइव्ह दिसत होती आणि ती उघडली की डिस्कची रचना बिघडली आहे, वाचता येत नाही, असा संदेश. म्हणजे विंडोजला तिथे पार्टिशन टेबल दिसत होतं. मी तर दोन्ही डिस्क पूर्णच्या पूर्ण, पार्टिशन न करता, अ‍ॅरेला दिल्या होत्या. मग हे टेबल आलं कुठून?

खात्रीसाठी विंडोजचा एनव्हीएमई स्क्रू काढून बाहेरच ठेवला. अ‍ॅरे बांधला, फोटो दिसले, लिनक्समधूनच लिनक्स रीस्टार्ट केलं. अ‍ॅरे गायब.

विंडोज टेबलावर पडलेलं, आणि तरी अ‍ॅरे गायब! तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की मी लिनक्स कधी रीस्टार्टच करत नसे. काम संपलं की सस्पेंड, सकाळी कळ दाबली की चालू. रीस्टार्ट व्हायचा तो फक्त विंडोजमध्ये जाताना. अ‍ॅरे जात होता रीस्टार्टने, आणि मी नाव घेत होतो विंडोजचं.

रीस्टार्टमध्ये लिनक्स बंद झाल्यापासून लिनक्स सुरू होईपर्यंत मधे कोण असतं? फक्त मदरबोर्डचं फर्मवेअर, यूईएफआय. ते डिस्कवर लिहितं हे मला माहीतच नव्हतं. लिहितं. आणि नियमात बसून लिहितं.

हे कसं घडतं ते जरा बारकाईने बघू, कारण एकदा समजलं की उपाय आपोआप सुचतो.

२ टीबीच्या वरच्या डिस्कला जुनं एमबीआर टेबल पुरत नाही, म्हणून जीपीटी हे नवं टेबल लागतं. ५१२ बाइटचा एक सेक्टर धरला तर शून्याव्या सेक्टरवर नावापुरतं एक राखणदार एमबीआर असतं (तो 'ईई' प्रकार यातलाच), पहिल्या सेक्टरवर जीपीटीचं शीर्षक, आणि त्यापुढे ३२ सेक्टरांत पार्टिशनच्या १२८ नोंदी, प्रत्येक नोंद १२८ बाइटची. म्हणजे या नोंदी डिस्कच्या १०२४व्या बाइटपासून १७४०८व्या बाइटपर्यंत पसरलेल्या. शीर्षकात या सगळ्या नोंदींचा एक चेकसम (मजकूर बदलला का ते पकडणारा आकडा) असतो. आणि हे सगळं अपघाताने पुसलं गेलं तर असावी म्हणून दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटच्या ३३ सेक्टरांत. हेच ते शेपूट.

आता एमडी रेडची आजची नेहमीची मांडणी, आवृत्ती १.२. तिचा सुपरब्लॉक, म्हणजे 'मी अमुक अ‍ॅरेची दुसरी डिस्क' हे ओळखपत्र, डिस्कच्या सुरुवातीपासून ४०९६ बाइटवर बसतं. १०२४ आणि १७४०८ च्या मधे ४०९६ येतं की नाही? म्हणजे पूर्ण डिस्क अ‍ॅरेला दिली की सुपरब्लॉक जुन्या जीपीटीच्या नोंदींच्या नेमका पोटात जाऊन बसतो.

एमडीएडीएम नवीन अ‍ॅरे बनवताना जुन्या जीपीटीचं शीर्षक पुसत नाही, शेपटाला तर हातही लावत नाही. मग रीस्टार्टला फर्मवेअर येतं, पहिल्या सेक्टरवर जीपीटीचं शीर्षक बघतं, नोंदींचा चेकसम लावतं. जुळत नाही, कारण मधे आपला सुपरब्लॉक. मग ते शेवटी जातं, तिथली प्रत तपासतं तर ती धडधाकट. निष्कर्ष: पहिली प्रत बिघडली आहे, दुरुस्त करा. शेवटची प्रत उचलून सुरुवातीला लिहिली जाते आणि सुपरब्लॉक त्याखाली गाडला जातो. यूईएफआयच्या नियमावलीत अशी दुरुस्ती करायला मुभा आहे. वापरकर्त्याला विचारायचं की परस्पर करायची हे बोर्डाच्या धोरणावर. माझा बोर्ड परस्पर करणारा. तुमचा कदाचित करत नसेल, म्हणूनच तुमच्या मित्राच्या मशीनवर हीच मांडणी वर्षानुवर्षं बिनतक्रार चालते.

सस्पेंडमधून उठताना फर्मवेअर डिस्कची ही पाहणी करत बसत नाही, म्हणून तेव्हा अ‍ॅरे टिकायचा.

आणि इशारा मिळालाच नव्हता असंही नाही. अ‍ॅरे बनवताना एमडीएडीएमने स्पष्ट म्हटलं होतं की या डिस्कवर पार्टिशन टेबल आहे, ते नष्ट होईल किंवा निरर्थक ठरेल. मी 'वाय' दाबून मोकळा. प्रत्यक्षात ते नष्टही झालं नाही आणि निरर्थकही ठरलं नाही. माझे तीन आठवडे त्या 'किंवा'त गेले.

तुमच्याकडे हेच आहे का, हे तपासायला 'वाइपएफएस' पुरेसं आहे. पर्याय न देता, फक्त डिस्कचं नाव देऊन चालवलं तर ते काहीही पुसत नाही, सापडलेल्या खुणांची यादी दाखवतं. माझ्या डिस्कवर तीन ओळी आल्या: जीपीटीची खूण सुरुवातीला, जीपीटीची खूण अगदी शेवटी, आणि राखणदार एमबीआरची. अ‍ॅरे जिवंत असताना चालवलं तर 'लिनक्स रेड मेंबर'चीही ओळ येते. एकाच डिस्कवर रेड मेंबरही आणि शेवटी जीपीटीही दिसली की समजा, पुढच्या रीस्टार्टला अ‍ॅरे जाऊ शकतो. हौस असेल तर 'डीडी'ने पहिले ३४ सेक्टर फाइलमध्ये उतरवून हेक्सडम्पमध्ये बघा. ५१२व्या बाइटवर 'ईएफआय पार्ट' अशी अक्षरं वाचता येतात, आणि सुपरब्लॉक जागेवर असेल तर ४०९६व्या बाइटवर 'एफसी ४ई २बी ए९'. रीस्टार्टच्या आधी एक प्रत, नंतर एक प्रत. दोन्ही शेजारी ठेवल्यावर मला कोणाला विचारायची गरज उरली नाही.

आता गेलेला अ‍ॅरे परत कसा आणायचा. डेटा सहसा शाबूत असतो, कारण एवढ्या मोठ्या डिस्कवर आजचं एमडीएडीएम डेटा सुरुवातीपासून बराच पुढे, १०० एमबीच्याही पलीकडे सुरू करतं, आणि फर्मवेअर लिहितं ते पहिल्या १७ केबीत. म्हणून त्याच मापांनी अ‍ॅरे पुन्हा 'क्रिएट' करायचा, पण 'अझ्यूम-क्लीन' हा पर्याय देऊन, म्हणजे सिंक सुरू होणार नाही. मापं तीच म्हणजे अगदी तीच: मेटाडेटा आवृत्ती, डिस्कचा क्रम, आणि मुख्य म्हणजे डेटा ऑफसेट. एमडीएडीएमच्या आवृत्तीगणिक हा ऑफसेट बदलू शकतो, म्हणून अंदाजपंचे चालत नाही. अ‍ॅरे नीट असतानाचं 'एक्झामिन'चं उत्तर हाताशी हवं. माझ्याकडे ते होतं कारण पहिल्या दिवशी कौतुकाने स्क्रीनचा फोटो काढला होता. तुम्ही फोटोवर विसंबू नका, फाइल करून ती दुसऱ्या ड्राइव्हवर आणि मेलमध्ये ठेवा. अ‍ॅरे उभा राहिला की आधी 'एफएससीके' (फाइलसिस्टिम तपासणारी कमांड) नुसत्या पाहणीच्या पर्यायाने, मग फक्त-वाचन पद्धतीने माउंट, चार फोटो उघडून बघायचे, आणि सगळा माल बाहेरच्या डिस्कवर उतरवायचा. हे झाल्याशिवाय पुढे पाऊल टाकू नका. रेड-१ आहे म्हणून बॅकअप नको असं वाटत असेल, तर वर जे घडलं ते दोन्ही डिस्कवर एकाच सेकंदाला घडलं हे आठवा. आणि तो 'ई' ड्राइव्ह विंडोज दुरुस्त करू म्हणालं तर नाही म्हणायचं. बूटला चेकडिस्क सुरू होत असेल तर तिथेच कळ दाबून थांबवायचं.

आजच्या रात्रीपुरता उपाय सोपा आहे. अ‍ॅरे थांबवायचा, मग दोन्ही डिस्कवर 'वाइपएफएस'ला फक्त जीपीटी प्रकारच्या खुणा पुसायला सांगायचं. ते जीपीटीच्या सापडलेल्या खुणांची काही अक्षरं तेवढी मिटवतं, सुपरब्लॉकला धक्का लागत नाही. मग अ‍ॅरे पुन्हा जुळवायचा. शेपूट गेलं की फर्मवेअरला दुरुस्तीसाठी काही उरत नाही.

पण मी यावर थांबलो नाही, तुम्हीही थांबू नका. पार्टिशन टेबल नसलेली डिस्क ड्युअल बूट मशीनमध्ये ठेवणं म्हणजे 'इनिशियलाइझ करू का'च्या खिडकीला आमंत्रण. घाईत कुणी 'ओके' दाबलं की नवीन जीपीटी त्याच १७ केबीत लिहिली जाणार, आणि आपण पुन्हा पहिल्या परिच्छेदात. अ‍ॅरेला पूर्ण डिस्क न देता डिस्कवरचं पार्टिशन द्या.

मी हे असं केलं. बॅकअप हाताशी होता. चालू अ‍ॅरेतून दुसरी डिस्क 'फेल' करून काढली. तिचा सुपरब्लॉक शून्य केला, वाइपएफएसने सगळ्या खुणा पुसल्या, आणि एसजीडिस्कने नवीन जीपीटी करून एकच पार्टिशन पाडलं: सुरुवात २०४८व्या सेक्टरवर, शेवटी १०० एमबी मोकळे, प्रकार 'एफडी००' म्हणजे लिनक्स रेड. शेवटची जागा मुद्दाम सोडायची. उद्या एक डिस्क मेली आणि दुसऱ्या कंपनीची ४ टीबी आणली, तर ती चार सेक्टरांनी लहान निघाली म्हणून अडून बसायला नको. माझ्या डिस्क ७,८१,४०,३७,१६८ सेक्टरांच्या आहेत. नवी डिस्क तंतोतंत तेवढीच मिळेल यावर मी पैज लावणार नाही. प्रकारही महत्त्वाचा. तो साधा विंडोज डेटा ठेवलात तर विंडोज अक्षर देऊन फॉरमॅट करायला सांगेल. लिनक्स रेड ठेवला तर अक्षर देत नाही, विचारतही नाही.

या पार्टिशनवर नवीन रेड-१, दुसऱ्या डिस्कच्या जागी 'मिसिंग' असं लिहून. पार्टिशन जुन्या अ‍ॅरेपेक्षा लहान असल्यामुळे ते जुन्या अ‍ॅरेत सरळ घालता येत नाही, म्हणून हा वळसा. मग एक्सटी४ फाइलसिस्टिम, आणि आरसिंक या कॉपीच्या कमांडने मालकी, परवानग्या, हार्डलिंकसकट सगळं हलवलं. एकदा चेकसम लावून नुसती तुलना. मग जुना अ‍ॅरे थांबवून उरलेली डिस्क तशीच पुसली, तसंच पार्टिशन पाडलं, नव्या अ‍ॅरेत जोडली. सेकंदाला सरासरी १३० एमबी धरले तर ४ टीबीच्या सिंकला साडेआठ तास. रात्री लावून झोपलो. इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर आहे ना, एवढं बघितलं.

या कामात लिनक्सने डिस्कना दिलेल्या एसडीबी, एसडीसी या नावांवर अजिबात भरवसा ठेवू नका. एनव्हीएमई काढला-घातला, पोर्ट बदलला, नुसतं पुन्हा बूट केलं तरी ती नावं उलटसुलट होतात. 'बाय-आयडी'च्या फोल्डरमध्ये सीरियल नंबरसकट नावं असतात, ती वापरा. मी कॅबिनेट उघडून दोन्ही डिस्कच्या कडेवर सीरियलचे शेवटचे चार आकडे मार्करने लिहिले. पुसण्याची प्रत्येक कमांड देण्याआधी ते आकडे मोठ्याने वाचायचो. बायको हसली, हसू दे.

शेवटी एमडीएडीएमच्या कॉन्फिग फाइलमध्ये नव्या अ‍ॅरेची ओळ यूयूआयडीने (अ‍ॅरेचा एकमेव ओळखक्रमांक) टाकायची, जुनी काढायची, आणि इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला चालणारी छोटी सिस्टिम) ताजं करायचं. हे विसरलात तर अ‍ॅरे एमडी१२७ अशा नावाने उगवतो. तो बिघाड नाही, पण माणूस पुन्हा घाबरतो. एफस्टॅबमध्येही (बूटला काय माउंट करायचं त्याची यादी) यूयूआयडी, आणि सोबत 'नोफेल'. अ‍ॅरे नाही आला तरी लिनक्स निदान उठेल.

दोन ड्राइव्हवर दोन सिस्टिम नव्याने टाकणार असाल तर एवढंच: एक इन्स्टॉल करताना दुसरी ड्राइव्ह आणि रेडच्या डिस्क काढून ठेवा. विंडोजचा इन्स्टॉलर दुसऱ्या ड्राइव्हवर आधीपासून ईएफआय विभाग दिसला तर आपला बूटलोडर तिकडे नेऊन ठेवतो, आणि लिनक्सचेही काही इन्स्टॉलर हेच करतात. मग ड्राइव्ह वेगळ्या असून नसल्यासारख्या. वेगवेगळं इन्स्टॉल करून मग दोन्ही जोडा आणि बूट मेन्यूच्या कळेने निवडा.

दुरुस्तीनंतर मी सलग पाच वेळा रीस्टार्ट केलं: तीनदा लिनक्स ते लिनक्स, दोनदा विंडोजमार्गे. प्रत्येक वेळी आधी एमडीस्टॅट, मग पूर्ण डिस्कवर वाइपएफएस. आता पूर्ण डिस्कवर फक्त जीपीटी आणि राखणदार एमबीआर दिसतं, आणि रेड मेंबरची खूण पार्टिशनवर. फर्मवेअर अजूनही दर बूटला चेकसम लावत असेल, पण आता तो जुळतो.